आपला खेळ बाजूला ठेवून : विम्बल्डन १९७५

लेखकाची शैली त्याच्या व्यक्तिमत्त्वापासून वेगळी काढता येत नाही, हे मत शैलीविचार शिकवताना आपण जवळजवळ सिद्धान्तासारखे सांगत असतो. अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ याच्या नावाशी ते जोडले गेले आहे आणि मराठी समीक्षेत ते इतके रुळले आहे की त्याचा प्रतिवाद करावा असे सहसा कोणाला वाटत नाही. आम्हालाही वाटले नव्हते. परंतु या मताची परीक्षा साहित्याबाहेर करून पाहिली तर काय हाती लागते, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो टेनिसच्या एका सामन्यामुळे.

५ जुलै १९७५ रोजी विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात आर्थर अ‍ॅश या अमेरिकन खेळाडूने आपलाच देशबंधू जिमी कॉनर्स याचा ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा पराभव केला. विम्बल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारा अ‍ॅश हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. त्यानंतरच्या पन्नास वर्षांतही हा मान दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. मात्र या सामन्याची दुसरी ओळख अशी की, डावपेचांच्या बळावर जिंकलेला सामना म्हणून त्याचे उदाहरण टेनिसचे प्रशिक्षक अजूनही देतात. ज्या खेळासाठी अ‍ॅश ओळखला जात होता, तो खेळ त्याने त्या दिवशी जवळजवळ खेळलाच नाही. तो स्वतःची शैली बाजूला ठेवून जिंकला.

प्रशिक्षक हा धडा सांगतात तो खरा आहे, पण अपुरा आहे, असे आमचे म्हणणे आहे. योजना कोणती होती हे त्यात येते. ती योजना शेवटपर्यंत पाळण्याची ताकद त्या माणसात कोठून आली, हे त्यात येत नाही. त्या ताकदीला एक इतिहास आहे आणि तो केवळ टेनिसचा नाही.

एकेरीचे गणित

प्रथम एकेरीच्या खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. एकेरीचे कोर्ट ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद असते. जाळ्याची उंची दोन्ही टोकांना साडेतीन फूट, तर मध्यभागी तीन फूट असते. म्हणजेच तिरका मारलेला चेंडू सहा इंच कमी उंचीच्या जाळ्यावरून जातो. शिवाय कोर्टाचा कर्ण सरळ लांबीपेक्षा सुमारे साडेचार फुटांनी अधिक असल्याने त्याला पडायला जागाही जास्त मिळते. तिरका फटका सुरक्षित आणि रेषेलगतचा सरळ फटका धोक्याचा, हा सर्वसाधारण नियम या साध्या भूमितीतून निघतो. एकेरीचे पुष्कळसे डावपेच म्हणजे हा धोका केव्हा पत्करायचा याचा हिशेब.

गुणमोजणीची पद्धत हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा करते. टेनिसमध्ये सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण जिंकले आणि नोवाक जोकोविचने २०४. तरीही सामना जोकोविचने जिंकला. २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात बोलताना फेडररने स्वतःच्या कारकिर्दीचा आकडा सांगितला. १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के सामने त्याने जिंकले होते, पण त्या सामन्यांतील एकूण गुणांपैकी त्याच्या वाट्याला आले होते अवघे ५४ टक्के. याचा अर्थ असा की, जगातील अत्यंत यशस्वी खेळाडूही आपल्या कारकिर्दीतील जवळजवळ निम्मे गुण गमावत असतो. गुण गमावल्यावर पुढच्या गुणाला कसे सामोरे जावे, हे म्हणूनच या खेळातील मुख्य मानसिक कौशल्य ठरते. त्यातून एकेरीत खेळाडू एकटा असतो. सामना चालू असताना प्रशिक्षकाने सल्ला देण्याला नियमांनी दीर्घकाळ बंदी होती. ती अलीकडे शिथिल झाली. १९७५ मध्ये विम्बल्डनच्या कोर्टावर उतरलेल्या माणसाला दोन-अडीच तास स्वतःखेरीज कोणाशी सल्लामसलत करण्याची सोय नव्हती.

या एकटेपणाचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम मांडणाऱ्यांत अमेरिकेच्या बिल टिल्डनचे नाव घ्यावे लागते. १९१९ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना बिल जॉन्स्टनकडून हरल्यावर टिल्डनने त्यापुढचा हिवाळा ऱ्होड आयलंडमधील एका बंदिस्त कोर्टावर आपला कच्चा बॅकहँड नव्याने घडवण्यात घालवला आणि १९२० मध्ये विम्बल्डन व अमेरिकन स्पर्धा दोन्ही जिंकल्या. पुढे १९२५ च्या ‘मॅच प्ले अँड द स्पिन ऑफ द बॉल’ या पुस्तकात त्याने चेंडूची फिरकी आणि प्रतिस्पर्ध्याचे मन यांचा एकत्र विचार केला. प्रतिस्पर्ध्याला जे आवडते ते त्याला मिळू देऊ नये, आणि हरत चाललेला खेळ बदलावा, जिंकत असलेला बदलू नये, ही त्याची शिकवण पुढे सर्वतोमुखी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक क्रेमरने क्लिफ रोश नावाच्या एका इंजिनिअरच्या सल्ल्याने शक्याशक्यतेचा हिशेब मांडून खेळण्याची पद्धत रूढ केली. कोणत्या जागेवरून कोणता फटका दहापैकी किती वेळा साधतो, हे पाहून तोच फटका निवडायचा, असे त्या पद्धतीचे स्वरूप होते. टिल्डनचा भर प्रतिस्पर्ध्यावर होता, क्रेमरचा स्वतःच्या हुकमी फटक्यांवर. अ‍ॅशच्या सामन्यात या दोन विचारांमध्ये जणू निवड करण्याची वेळ आली.

दोन खेळाडू

कॉनर्स त्या वेळी २२ वर्षांचा होता. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि अमेरिकन अशी तीन विजेतेपदे त्याने एकाच वर्षात मिळवली होती. १९७५ च्या विम्बल्डनमध्ये अंतिम सामन्यापर्यंत त्याने एकही सेट गमावला नव्हता. उपान्त्य सामन्यात रॉस्को टॅनर या विलक्षण वेगवान सर्व्हिसच्या खेळाडूला त्याने सरळ सेटमध्ये हरवले होते. कॉनर्स डावखुरा; त्याचा बॅकहँड दोन हातांनी मारलेला, सपाट आणि जोरकस. समोरून आलेला वेग पकडून तो तसाच, किंबहुना वाढवून परत करणे, हे त्याचे सामर्थ्य होते. टॅनरने जितके जोरात मारले तितके जोरात त्याच्याकडे परत आले.

अ‍ॅशला त्या आठवड्यात ३२ वे वर्ष लागणार नव्हते, तर पुरे होणार होते. त्याला सहावे मानांकन होते. कॉनर्सशी त्याचे तीन सामने झाले होते आणि तिन्ही तो हरला होता. त्याचा नेहमीचा खेळ जोरदार सर्व्हिस, सपाट बॅकहँड आणि बेधडक फटके असा होता. तो लयीत असला की अडवता येत नसे आणि लय बिघडली की सामना हातचा जाई. म्हणजे कॉनर्सला जे हवे असे, तेच देणारा हा खेळ होता.

दोघांमधील तणाव केवळ खेळापुरता नव्हता. कॉनर्सने अमेरिकेच्या डेव्हिस करंडक संघातून खेळण्याचे नाकारले होते, आणि व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्याने अ‍ॅशने त्याबद्दल लिहिलेल्या पत्रातील शब्द बदनामीकारक असल्याचे सांगून कॉनर्सने त्याच्यावर दावा लावला होता. अंतिम सामन्यातील दोन प्रतिस्पर्धी न्यायालयातही प्रतिपक्षी होते. अ‍ॅश त्या दिवशी कोर्टावर आला तो डेव्हिस करंडक संघाचे, देशाचे नाव असलेले जॅकेट घालून. त्याने बोलून काही दाखवले नाही.

योजना

सामन्याच्या आदल्या रात्री अ‍ॅश आणि त्याचे मित्र एकत्र बसले. त्यांत डेव्हिस करंडक संघाचा कर्णधार डेनिस रॉल्स्टन आणि डोनाल्ड डेल हे होते. टॅनरचा पराभव सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. त्यातून निघालेला निष्कर्ष साधा होता : कॉनर्सला वेग द्यायचा नाही.

या एका सूत्रातून बाकीची कलमे निघाली. उजव्या हाताने मारलेली कापीव सर्व्हिस हवेत वळून, घेणाऱ्याच्या उजवीकडे, कोर्टाच्या बाहेर निघून जाते. डावखुऱ्या कॉनर्सची ती बॅकहँडची बाजू. दोन्ही हात रॅकेटवर असल्यामुळे त्याची पोच एका हाताने खेळणाऱ्यापेक्षा कमी. म्हणून सर्व्हिस जोरात मारण्याऐवजी रुंद मारायची, म्हणजे तो कोर्टाबाहेर ओढला जाईल. त्याच्या फोरहँडला खाली राहणारे, हळू, छोटे चेंडू द्यायचे, कारण खालून उचलाव्या लागणाऱ्या संथ चेंडूवर त्याचा सपाट फोरहँड चुकत असे. लांब चेंडू शक्यतो मध्यावर ठेवायचे, म्हणजे त्याला कोन मिळणार नाहीत. तो जाळ्याकडे धावला की बॅकहँडच्या बाजूने डोक्यावरून लॉब टाकायचा.

ही योजना वाचायला सोपी आहे. ती अमलात आणणे अवघड का, हे समजण्यासाठी साहित्यातील एक कल्पना करून पाहावी. वीस वर्षे दीर्घ, आवेगी वाक्ये लिहून नाव कमावलेल्या लेखकाला त्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथासाठी आखूड, कोरडी, संथ वाक्ये लिहायला सांगावे, तीही हजारो लोकांसमोर बसून, अशी ती मागणी होती. हात सवयीने जोरात फिरू पाहतो. त्याला प्रत्येक चेंडूला आवरावे लागते. संथ खेळणारा खेळाडू चुकला तर तो भित्रा दिसतो. जोरात मारून चुकला तर निदान शूर दिसतो. अपयशाची ही लाजही पत्करावी लागते.

पहिले दोन सेट अ‍ॅशने ६-१, ६-१ असे घेतले. कॉनर्स आदळआपट करीत अधिकाधिक जोर लावत होता आणि त्याला परत मिळत होते ते मऊ, बुटके चेंडू. सामना कॉनर्सच्या प्रकृतीवर ढकलणारेही आहेत. स्पर्धेच्या सुरुवातीलाच त्याच्या पायाला दुखापत झाली होती, असे पुढे सांगितले गेले. ते गृहीत धरले तरी आदल्या फेरीत टॅनरचा फडशा पाडणारे पाय तेच होते, हे विसरता येत नाही.

३-० चा प्रसंग

आमच्या मते या सामन्याचा खरा गाभा त्या दोन सेटमध्ये नाही. तिसरा सेट कॉनर्सने ७-५ असा घेतला आणि चौथ्यात तो ३-० ने पुढे गेला. योजना आता प्रतिस्पर्ध्याच्या लक्षात आली होती, सामन्याचा कल फिरला होता, आणि टिल्डनचा उपदेश तर प्रत्येक खेळाडूच्या कानात असतो : हरत चाललेला खेळ बदला. आपल्या जुन्या, बेधडक खेळाकडे वळण्याला अ‍ॅशजवळ आता सबळ निमित्तही होते.

तो वळला नाही. गेम हरणे म्हणजे योजना हरणे नव्हे, असा निवाडा त्याने त्या अवस्थेत केला आणि तेच रुंद सर्व्हिस, तेच खालचे चेंडू चालू ठेवले. पुढील सातपैकी सहा गेम त्याने जिंकले व सामना संपवला. टिल्डनचे सूत्र येथे खोटे ठरले नाही, पण त्यातील न सांगितलेला भाग उघड झाला. खेळ हरत चालला आहे हे ठरवायचे कशावरून? गुणफलकावरून की चेंडू कसे पडत आहेत त्यावरून? गुणफलक भीती दाखवतो; दुसरी गोष्ट शांतपणे पाहावी लागते. एकेरीतील मानसिक कौशल्य म्हणजे बहुतांशी हे पाहणे.

त्या सामन्यातील एक दृश्य जुन्या चित्रफितींतही दिसते. बाजू बदलताना मिळणाऱ्या विश्रांतीत अ‍ॅश खुर्चीवर डोळे मिटून निश्चल बसलेला आहे. एक वर्ष आधी, १९७४ मध्ये, टिमथी गॉलवे यांचे ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ प्रसिद्ध झाले होते. खेळाडूच्या आत दोन ‘मी’ असतात, एक सतत हुकूम सोडणारा आणि दोष देणारा, दुसरा प्रत्यक्ष खेळणारा. पहिल्याला गप्प केले की दुसरा आपोआप नीट खेळतो, असे त्या पुस्तकाचे सांगणे. गॉलवे हे हार्वर्डच्या टेनिस संघाचे माजी कर्णधार आणि गुरू महाराजी या भारतीय गुरूंचे अनुयायी होते. ‘साक्षीभाव’ हा शब्द परंपरेने मिळालेल्या मराठी वाचकाला या विचाराचे मूळ ओळखायला वेळ लागणार नाही. साहजिकच, मिटलेल्या डोळ्यांचा अ‍ॅश हा त्या काळातील ध्यानधारणेच्या लाटेचा प्रतिनिधी म्हणून पाहिला गेला. आम्हाला मात्र हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. १९७५ मध्ये डोळे मिटून शांत बसायला शिकणे आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून शांत बसणे भाग पडणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

रिचमंड आणि लिंचबर्ग

आर्थर अ‍ॅशचा जन्म १० जुलै १९४३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे झाला. अमेरिकेतील यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांची ही राजधानी. अ‍ॅशचे वडील केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या ब्रूक फील्ड या उद्यानाचे रखवालदार होते आणि कुटुंब उद्यानातच राहत असे. घराशेजारी टेनिसची कोर्टे होती, म्हणून मुलगा टेनिस शिकला. तो सहा वर्षांचा असताना आई वारली. शहरातील गोऱ्यांच्या कोर्टांवर त्याला खेळता येत नव्हते.

१९५३ पासून उन्हाळ्यात तो लिंचबर्गला डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे जाऊ लागला. डॉ. जॉन्सन पेशाने वैद्यक व्यवसायी. आपल्या घरच्या कोर्टावर ते कृष्णवर्णीय मुलामुलींना टेनिस शिकवीत. १९५७ आणि १९५८ ची विम्बल्डन विजेती अ‍ॅल्थिया गिब्सन ही त्यांच्याच तालमीतली. त्यांच्या शिक्षणात फटक्यांइतकेच महत्त्व वागणुकीला होते. रॅकेट आपटायची नाही. पंचांशी वाद घालायचा नाही. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या किंचित बाहेर पडला, तरी तो आत धरून खेळायचा.

या शेवटच्या नियमाकडे नीट पाहावे असे आम्हाला वाटते. ज्या कनिष्ठ स्पर्धांत पंच नसतात, तेथे खेळाडू स्वतःच्या बाजूचे चेंडू स्वतः ठरवतो. गोऱ्या संयोजकांच्या स्पर्धेत एखाद्या काळ्या मुलाने चेंडू ‘बाहेर’ म्हटला आणि कोणी हरकत घेतली, तर त्याला, आणि त्याच्यामागून येणाऱ्या सर्वांना, बाहेर काढायला निमित्त मिळाले असते. ते मिळू द्यायचे नाही यासाठी हा नियम. म्हणजे या मुलांचे कोर्ट प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टापेक्षा दोन बोटे मोठे होते. ते सांभाळून जिंकायचे, आणि तक्रार चेहऱ्यावरही दिसू द्यायची नाही.

अशा शाळेत तयार झालेल्या माणसाला प्रत्येक गुणानंतर मन कसे सावरावे हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. एकाग्रता, राग गिळणे, प्रसंगापेक्षा योजनेला मोठे मानणे, या गोष्टी त्याच्याकडून वसूल केल्या गेलेल्या असतात. पुढे क्रीडामानसशास्त्राने या गोष्टींना तंत्राचे रूप दिले. जिम लोअर यांनी दोन गुणांच्या मधल्या सेकंदांचे टप्पे पाडले : चेहऱ्यावर निराशा न दिसू देणे, सैल होणे, पुढचा बेत करणे, ठरलेली कृती करून तयार होणे. १९९३ मध्ये ब्रॅड गिल्बर्टने ‘विनिंग अग्ली’ या पुस्तकात, देखणा खेळ नसतानाही केवळ निरीक्षणाने आणि चिवटपणाने कसे जिंकावे, हे सांगितले; त्याच्या मार्गदर्शनाखाली आंद्रे आगासीने १९९४ ची अमेरिकन स्पर्धा मानांकन नसताना जिंकली. ही पुस्तके उपयोगी आहेत यात शंका नाही. पण त्यांत संयम हा सर्वांना सारखाच उपलब्ध असलेला आणि सारख्याच किमतीचा दिसतो. कॉनर्सची आदळआपट आणि त्याचे अर्वाच्य हावभाव ‘लढाऊ वृत्ती’ म्हणून खपून जात होते. अ‍ॅशला तशी मुभा मिळाली असती का, हा प्रश्न त्या पुस्तकांत उद्भवत नाही.

जॉन मॅकफी यांच्या ‘लेव्हल्स ऑफ द गेम’ या १९६९ च्या पुस्तकाची येथे आठवण होते. १९६८ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेतील अ‍ॅश आणि क्लार्क ग्रेबनर यांच्या एकाच उपान्त्य सामन्यावर ते लिहिले आहे. प्रत्येक फटक्यामागे खेळाडूचे घर, वडील, वर्ग, राजकीय कल असे काय काय आहे, याचा शोध त्यात आहे. ‘शैली म्हणजे माणूस’ या मताचे इतके सुंदर उदाहरण साहित्याच्या वर्गालाही क्वचित मिळेल. त्या पुस्तकातील अ‍ॅश मोकळा, धोका पत्करणारा, कधी कधी बेफिकीर वाटावा असा खेळतो. त्याच्या चरित्राशी हे ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, ज्याचे सारे वर्तन लहानपणापासून बांधलेले होते, त्याला मनासारखे हात फिरवण्याची जागा फटक्यांमध्येच उरली होती. बेधडक खेळ ही त्याची केवळ सवय नव्हती, ती त्याची मोकळीक होती. १९७५ च्या अंतिम सामन्यात त्याने तीही आवरली. वागण्यातला संयम त्याने प्रथमच पूर्णपणे फटक्यांत उतरवला. विजयाची किंमत मोजायची तर ती येथे मोजावी लागते.

संयमाची मर्यादा

अ‍ॅशच्या संयमाचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे. पण ते त्याच्यावर अन्याय करणारे होईल, कारण त्याच्या हयातीतच या संयमावर कठोर टीका झाली होती. १९६९ पासून दक्षिण आफ्रिकेने त्याला व्हिसा नाकारला होता. १९७३ मध्ये तो मिळाल्यावर, प्रेक्षकांची वर्णानुसार विभागणी नसावी अशी अट घालून तो जोहान्सबर्गला खेळायला गेला. अट पूर्णपणे पाळली गेली नाही. अंतिम सामना तो कॉनर्सकडूनच हरला. वर्णद्वेषी राजवटीत पाहुणा म्हणून जाणे म्हणजे तिला प्रतिष्ठा देणे, असे म्हणणारे कृष्णवर्णीय तरुण अमेरिकेत होते, तसे दक्षिण आफ्रिकेतही होते. त्यानंतरच्याच वर्षी भारताने दुसरा मार्ग धरला. पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून १९७४ च्या डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोचलेल्या भारतीय संघाची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. सरकारने खेळण्यास नकार दिला आणि करंडक न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला.

मराठी वाचकाला या वादाचे स्वरूप परके नाही. अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झाली, ती याच काळात. ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच समजुतीने घ्यावे, भाषा सौम्य ठेवावी, ही अपेक्षा किती एकतर्फी असते, याची चर्चा दलित साहित्याने आपल्या समीक्षेला करायला लावली. त्या साहित्याच्या ‘आक्रस्ताळ्या’ शैलीविषयी बोलताना आपणही पंचाच्या खुर्चीवर बसून बोलत होतो का, हे तपासण्याची पाळी अभिरुचीवर आली. अ‍ॅशचा शांत चेहरा पाहताना हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

अ‍ॅशनेही तो बाजूला ठेवला नाही. विम्बल्डन जिंकल्यावर पाच महिन्यांतच, स्टॉकहोम येथील मास्टर्स स्पर्धेत इली नास्तासेशी खेळताना, तिसऱ्या सेटमध्ये ४-१ असा पुढे असूनही अ‍ॅश कोर्ट सोडून निघून गेला. नास्तासेचे वेळकाढू चाळे पंच थांबवीत नाहीत हे पाहून त्याने हे केले. प्रथम दोघांनाही बाद ठरवण्यात आले, मग विजय अ‍ॅशला देण्यात आला. ३-० ने मागे असताना न डळमळलेला माणूस पुढे असताना उठून गेला. या दोन प्रसंगांत विसंगती आहे असे आम्हाला वाटत नाही. नियम पाळले जात असताना हरणे त्याला सहन होत होते. नियम धाब्यावर बसवले जात असताना जिंकणे सहन झाले नाही.

दक्षिण आफ्रिकेबाबतही त्याने आपली योजना अखेर बदलली. जाऊन, भेटून, बोलून परिस्थिती पालटत नाही हे दिसल्यावर तो बहिष्काराच्या बाजूला आला. १९८३ मध्ये हॅरी बेलाफाँटे यांच्यासह त्याने वर्णद्वेषविरोधी कलावंत-खेळाडूंची संघटना उभी केली आणि १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधील दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शने करताना अटक करून घेतली. हरत असलेला खेळ कोणता आणि केवळ काही गेम गेलेला खेळ कोणता, हा निवाडा त्याला कोर्टाबाहेरही करावा लागला. तो करायला त्याला दहा वर्षे लागली, हेही नमूद केले पाहिजे.

शैली आणि माणूस

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. शैली म्हणजेच माणूस असेल, तर ५ जुलै १९७५ रोजी कोर्टावर खेळत होता तो कोण? आमचे उत्तर असे की, त्या दिवशी दिसला तोही अ‍ॅशच. फक्त त्याच्यातला, फटक्यांत कधी न दिसलेला भाग. माणसाला शैली असते, तशी ती सोडून देण्याची कुवतही असते. त्या कुवतीत त्याचा इतिहास अधिक स्पष्ट वाचता येतो. विद्यार्थ्यांना एखाद्या लेखकाची शैली शिकवताना, ती त्याने कोठे, कशासाठी आवरली, आणि आवरण्याची सक्ती कोणी केली होती, हे प्रश्नही आपण विचारायला हवेत.

अंतिम सामन्यानंतर कॉनर्सने दावा मागे घेतला. अ‍ॅशला त्यानंतर एकेरीचे मोठे विजेतेपद मिळाले नाही. १९८३ मधील हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची बाधा झाली आणि ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, तो वारला. त्याआधी १९८८ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंचा तीन खंडांचा इतिहास त्याने प्रसिद्ध केला होता.

१९९६ मध्ये रिचमंडच्या मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर त्याचा पुतळा बसवला गेला. गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनापतींचे भव्य पुतळे ज्या रस्त्यावर ओळीने उभे होते, तेथे अ‍ॅशला जागा द्यावी की नाही, यावर तेव्हा बराच वाद झाला. २०२० आणि २०२१ मध्ये ते सेनापती एकेक करून हलवण्यात आले. अ‍ॅश तेथेच आहे. त्याच्याभोवती मुले आहेत, एका हातात रॅकेट आहे, दुसऱ्या हातात पुस्तके आहेत, आणि पुस्तकांचा हात अधिक उंच आहे.